रिकाम्या भांड्यातला केक

प्रश्न : वाढदिवसांना ‘डव्ह पॅन’ (झाकणात थाळी लपवलेलं जादूचं भांडं; झाकण बसवलं की थाळी भांड्यात उतरते) वापरून केकची जादू करतो. भांड्यात मैदा, साखर, अंडं घालायचं, कापूर पेटवायचा, झाकण ठेवून उचललं की तयार केक! पण एकदा झाकण उचलतानाच आतली थाळी मुलांना दिसली आणि एकदा केकला कापराचा वास लागला. अनेक घरांत अंडंही चालत नाही. काय बदलावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी आग काढून टाका. झाकण बसल्यावर हवा तुटते आणि ज्योत विझते, हे खरं. पण कापराची काजळी आणि वास भांड्यातच कोंडला जातो आणि स्पंज तो लगेच ओढून घेतो. त्याहून मोठा धोका खोलीत असतो. फुगेवाल्याच्या फुग्यांत कधी कधी हायड्रोजन असतो आणि वाढदिवसाला उडवतात त्या ‘स्नो स्प्रे’मधला वायूही पेट घेतो. पाच वर्षांचं मूल तुमच्या शेजारी उभं असताना हा धोका पत्करू नका. आगीऐवजी वाढदिवसाच्या मुलाला झाकणावर लाकडी चमच्याने तीनदा ठोकायला सांगा. मुलांना तेच जास्त आवडतं, कारण ‘भट्टी’ त्यांनी स्वतः पेटवलेली असते.

अंड्याचा प्रश्नही यातच सुटतो. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर ‘मैदा’, ‘साखर’, ‘लोणी’ लिहायला लावा आणि त्याच भांड्यात टाका. काहीच सांडत नाही, अन्नही वाया जात नाही. खरं साहित्य हवंच असेल, तर दोन मोठे चमचे मैदा, एक चमचा साखर आणि अर्धी वाटी दूध, एवढंच. आठ इंची भांड्यात थाळीखाली अर्धा इंच जागा असेल, तर हिशेबाने तिथे चारशे मिलीच्या आसपास मावतं. पण तेवढं भरलंत तर थाळी बसताना मिश्रण कडेने वर येतं आणि केकला लागतं. कोरड्या मैद्याचा ढीग झाला, तर थाळी एका बाजूला तिरकी राहते. म्हणून भांडं हलवून मैदा पसरून घ्या.

आता थाळी दिसली त्याबद्दल. मुलं सतरंजीवर बसतात, त्यामुळे त्यांची नजर टेबलाच्या उंचीहून खाली असते. मोठ्यांसमोर झाकण छातीपर्यंत उचललं तरी चालतं. मुलांसमोर त्याच उंचीवर झाकणाखालचा थाळीचा तळ स्पष्ट दिसतो. टेबलावर जाड कापड घाला. झाकण टेबलावर पालथंच ठेवा. उचललंत की वीतभरापेक्षा वर नेऊ नका आणि सरळ भांड्यावर आणा. आतली बाजू दाखवायचा मोह टाळा. पाठीमागे भिंत असू द्या, कारण शेजारून डोकावणारं मूल हमखास असतंच.

प्रश्न : झाकण उचललं तरी थाळी झाकणातच राहते आणि भांडं रिकामंच दिसतं. कधी उलट होतं, झाकण हातात घेताच थाळी सुटते. कारण काय?
– एक वाचिका, कारेलीबाग

उत्तर : थाळीची झाकणातली पकड भांड्यातल्या पकडीपेक्षा सैल हवी, पण केकचं वजन पेलण्याइतकी घट्टही हवी. सगळा खेळ या एवढ्याशा फरकावर आहे. केक जेवढा जड, तेवढ्या वजनाची तांदळाची पुरचुंडी थाळीत ठेवा आणि दहा वेळा करून बघा. मधेच सुटत असेल, तर थाळीच्या वरच्या काठाला तीन ठिकाणी पारदर्शक चिकटपट्टीचा एकेक लहान तुकडा लावा. अडकत असेल, तर तो काढून काठ पुसून घ्या. वाळलेलं क्रीम हे अडकण्याचं नेहमीचं कारण असतं. झाकण सावकाश दाबा. झटक्याने दाबलंत तर आतली हवा अडते आणि थाळी अर्ध्यावर थांबते. ‘टक’ असा बसल्याचा आवाज होतो, तो मुलांच्या ‘एक, दोन, तीन’मध्ये बुडवा.

प्रश्न : केक कसा घ्यावा?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : बिनक्रीमचा, एगलेस, आठ इंची भांड्यासाठी सहा इंची, उंची दोन इंचांच्या आत. क्रीम आणि चेरी झाकणाला चिकटतात, आणि बडोद्याच्या मे महिन्यात क्रीम टिकतही नाही. केकखाली पुठ्ठ्याची चकती ठेवा. भांड्याच्या मुलाम्याला खाद्यपदार्थ थेट लागू देऊ नये. चकती थाळीला थोड्या आयसिंगने चिकटवा, नाहीतर उचलताना केक घसरतो. फ्रिजमधला थंड केक झाकणात कोंडला की आतून पाणी सुटतं. म्हणून आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि खेळाआधी वीस-तीस मिनिटंच भरा.

सुकामेवा किंवा दुधाचं कुणाला वावडं आहे का, हे आईवडिलांना आधीच विचारा. मेणबत्त्या फुंकायचा केक मात्र वेगळाच ठेवा. जादूचा केक चुकून कलंडला, तरी वाढदिवस अडत नाही.