पुड्या कमी पडल्या म्हणून आमचा रंग वांगी

तुम्ही विचारलंय की युव्हेंटस या इटलीतल्या क्लबच्या शर्टावरचे काळे-पांढरे पट्टे आले कुठून, फुटबॉल संघांची नावं आणि रंग ठरवतं कोण, आणि तुमच्या गावात नवीन संघ निघतोय तर रंग कोणता घ्यावा.

रंगांचे अर्थ सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. लाल म्हणजे शौर्य, हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे तेज. हे सगळं मागाहून चिकटवलेलं असतं. आधी कापड येतं, अर्थ नंतर येतो.

युव्हेंटसचंच घ्या. 1897 साली तुरिनमधल्या शाळकरी पोरांनी काढलेला क्लब. युव्हेंटस हा लॅटिन शब्द, अर्थ तारुण्य. म्हणजे आपल्याकडे गावोगावी नवयुवक मंडळ असतं, तेच नाव. त्यांचे शर्ट आधी गुलाबी होते. धुऊन धुऊन ते विटले, तेव्हा 1903 मध्ये क्लबातल्या जॉन सॅव्हेज नावाच्या इंग्रजाला सांगितलं की तुमच्या देशातून टिकाऊ शर्ट मागवून द्या. त्याचा नॉटिंगहॅमचा मित्र नॉट्स काउंटी या तिथल्या संघाचा चाहता. त्याने त्याच संघाचे काळे-पांढरे पट्टेवाले पाठवून दिले. झालं. लंडनच्या आर्सेनल क्लबचंही असंच. आर्सेनल म्हणजे शस्त्रकारखाना. आपल्या भंडाऱ्याला, भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे ना, तशा लंडनजवळच्या वुलिचच्या शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी 1886 मध्ये संघ काढला, नाव कारखान्यावरून पडलं. त्यांच्यातले काही जण आधी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले. जुन्या क्लबकडे शब्द टाकला, तिकडून लाल शर्ट आणि एक चेंडू आला. जगभर मिरवणारा तो लाल रंग मागून आणलेला आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

नावं बहुतेक जागेवरून पडतात. फॉरेस्ट हे ते लोक खेळायचे त्या मैदानाचं नाव. मोहन बागान हे उत्तर कोलकात्यातल्या एका बागबंगल्याचं. 1889 चा क्लब, 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकला. नाव तेवढं बागेचं.

आमचंही जागेवरूनच पडलं. आमचं गाव वरुड तालुक्यातलं, संत्र्याचं. माझे मामा कामठीचे, आणि कामठीत इंग्रजांच्या छावणीपासून फुटबॉल मुरलेला. पहिला चेंडू मामांनीच आणला. आम्ही खेळायचो आखरावर. सकाळी गुरं रानात जाण्याआधी तिथे जमतात, गुरं निघून गेली की आखर आमचा. शेण बाजूला सारायचं, दोन्हीकडे दोन-दोन दगड ठेवायचे. आजूबाजूच्या गावांनी आम्हाला आखरवाले म्हटलं आणि तेच राहिलं. एका पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव संघाला द्यायची टूम दोनदा निघाली, दोन्ही वेळा आम्ही हाणून पाडली.

आता रंगाचं सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर मी त्यासाठीच लिहितोय.

1994 साल. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात निरोप आला की तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तालुक्याला सामने आहेत, अकराही जणांचे शर्ट एका रंगाचे पाहिजेत, नाहीतर मैदानात उतरू देणार नाही. शर्ट विकत घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. पांढरं बाह्यांचं बनियन मात्र प्रत्येकाच्या घरी होतं. आई म्हणाली, आणा, मी रंगवून देतो. (आमच्याकडे बायाही ‘देतो’च म्हणतात.) मी बाजारात गेलो. टिकल्या-बांगड्यांच्या दुकानात लाल रंगाच्या चारच पुड्या शिल्लक होत्या. अकरा बनियनांना त्या पुरणार नव्हत्या. निळ्याच्या दोन होत्या, त्याही घेऊन आलो आणि आईसमोर ठेवल्या. तिने दोन मिनिटं विचार केला असेल.

“दोनी टाकून देतो. पोट्ट्यायच्या अंगावर सारखा दिसला म्हंजे झालं.”

खांदमळणीची संध्याकाळ होती ती. बाबा गोठ्यात बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते आणि मागच्या अंगणात चूल पेटलेली. पऱ्हाट्यांचा जाळ, वर जर्मनचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, त्यात दोन मुठी खडे मीठ. आई तुराटीने ढवळत होती. बनियन वर उचलायची, निथळू द्यायची, उजेडात धरून बघायची, परत बुडवायची. जुनी बनियनं गडद झाली, नवी जरा फिकी राहिली. नवी तिने दोनदा बुडवली. हातात काही घालायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या पुरणपोळ्या तिने जांभळ्या नखांनी लाटल्या, आणि नखांचा तो रंग पुढचे पंधरा दिवस गेला नाही. पाऊस चालू म्हणून बनियनं चुलीवरच्या दोरीवर वाळली, त्यांना धुराचा वास होता. बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या पिवळ्या ऑइलपेंटने मी पाठीवर आकडे काढले.

सामन्यात आम्ही 1-0 ने हरलो. पावसात रंग सुटून चड्ड्यासुद्धा जांभळ्या झाल्या, आणि तालुक्याच्या लोकांनी ‘वांगीवाले’ म्हणून ओरडा केला. पण पुढच्या वर्षी वर्गणी जमली आणि नव्या शर्टांची गोष्ट निघाली, तेव्हा पोरं म्हणाली, रंग तोच पाहिजे. शिंप्याकडे कापडाची छटा जुळवायला आईने रंगवलेलं एक बनियन नेलं होतं. ते अजून माझ्या पेटीत आहे. आकडा 7.

2019 मध्ये संघाच्या पंचविशीचा कार्यक्रम झाला. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आमचा तेव्हाचा कप्तान. त्याने स्टेजवरून सांगितलं की गावातल्या सगळ्या समाजांना जोडायचं म्हणून बैठक घेऊन, विचार करून लाल आणि निळा एकत्र केला. फ्लेक्सवरही तसंच छापलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या भागात भगवा, निळा, हिरवा यावरून मिरवणुकीत काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे ती गोष्ट ऐकायला गोड लागली. पण बैठक झाली नव्हती. बनियनं रंगवली त्या दिवशी दादा भरतीच्या फॉर्मसाठी अमरावतीला होता. कार्यक्रमात आई बायांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. तिथे ती काही बोलली नाही. घरी येताना रस्त्यात म्हणाली, “मले त पुड्या कमी पडल्या होत्या ना रे.”

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, घरच्या गोष्टी स्टेजवर सांगायच्या असतात का, चांगला अर्थ निघतो तर निघू दे. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या दिवशी कोणाच्या डोक्यात समाज-बिमाज नव्हता आणि सगळ्या घरांची बनियनं एकाच गंजात उकळली, तीच एकोप्याची गोष्ट आहे. ती खरी असताना खोटी कशाला सांगायची? आणि त्या खोट्या गोष्टीत आईला जागाच नाही.

बाहेरच्यांनी बघा, नाव टिकवलं. सॅव्हेजने शर्ट मागवले, हे सव्वाशे वर्षांनी मला वरुड तालुक्यात बसून माहीत आहे. ब्राझीलचा संघ 1950 मध्ये मायदेशातच उरुग्वेकडून हरला, पांढरा शर्ट नकोसा झाला. 1953 मध्ये एका वर्तमानपत्राने स्पर्धा लावली की झेंड्याचे चारही रंग घेऊन पोशाख करा. जिंकला अल्दिर श्ली नावाचा सीमेवरच्या गावातला तरुण पोरगा. तो पिवळा शर्ट जगाला माहीत आहे आणि श्लीचं नावही नोंदलेलं आहे.

तर तुमच्यासाठी: जो रंग बाजारात सहज आणि पुढच्या वर्षीही मिळेल तो घ्या. फुकट शर्ट देणाऱ्याचं नाव छातीवर घेऊ नका, पाठीवर खाली बारीक चालेल. नावाची घाई करू नका, दोन हंगाम खेळा, लोकच ठेवतील. आणि एक वही करा. कापड कोणी आणलं, कुठून, किती रुपयांना, कोणी शिवलं किंवा रंगवलं, तारखेसकट पहिल्या पानावर लिहा आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्या.

एक राहिलं. पुडीचा रंग सुती कापडावरच चढतो, आजच्या पॉलिस्टरच्या जर्सीवर नाही. गोलकीपरला वेगळा रंग नियमानेच लागतो, आणि समोरच्यांचा रंग तुमच्यासारखाच निघाला तर दुसरा जोड जवळ पाहिजे. सगळेच रंग योगायोगाने ठरतात असंही नाही, नेदरलँड्सचा नारंगी त्यांच्या राजघराण्यावरून आलाय. मी गावच्या संघांचं बोलतोय.

आमची वही मी 2019 मध्येच केली. पहिल्या पानावर आईचं नाव, चार लाल, दोन निळ्या, खांदमळणीची संध्याकाळ. त्या संघातल्या आठ जणांनी सही केली. दादाने अजून केलेली नाही. त्याच्यासाठी ओळ सोडून ठेवली आहे.