अमेरिकेत नर्सचं शैक्षणिक कर्ज सरकार खरंच फेडतं का?

फेडतं, पण पूर्ण नाही. 'नर्स कोअर लोन रिपेमेंट प्रोग्रॅम' या संघराज्य सरकारच्या योजनेत नर्सची टंचाई असलेल्या, मान्यताप्राप्त ठिकाणी दोन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला किमान 32 तास काम केलं, तर त्या काळात पात्र कर्जाच्या 60 टक्के रक्कम मिळते. तिसरं वर्ष मंजूर झालं तर सुरुवातीला बाकी असलेल्या पात्र कर्जाच्या आणखी 25 टक्के.

समजा कर्ज 40,000 डॉलर आहे. दोन वर्षांत 24,000 मंजूर होतात, पण ही रक्कम करपात्र असते आणि कर आधीच कापला जातो. हातात त्याहून बरंच कमी येतं, हा हिशेब बहुतेक जणी धरतच नाहीत! मिळालेले पैसे कर्जातच भरायचे आणि पावत्या जपून ठेवायच्या. तिसऱ्या वर्षासाठी त्याच पुराव्यादाखल लागतात.

अर्ज बाद होण्याचं एक कारण म्हणजे नोकरीचा प्रकार. नफ्यासाठी चालणारं खासगी रुग्णालय किंवा एजन्सीमार्फतची ट्रॅव्हल नर्सिंग, म्हणजे थोड्या थोड्या काळासाठी वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करणं, चालत नाही. नर्सिंगचं कर्ज नर्सिंगशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कर्जात एकत्र करून टाकलं असेल तर तेही अपात्र ठरतं. त्यामुळे अर्जाआधी असं एकत्रीकरण करू नका.

महाराष्ट्रातून गेलेल्या नर्सना ग्रीन कार्ड असलं तरी इथल्या बँकेतून बीएस्सी नर्सिंगसाठी काढलेलं कर्ज यात बसत नाही; शिक्षण अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेतलंच लागतं.

करार मध्येच मोडला तर पैसे व्याजासकट परत करावे लागतात. म्हणून आधी तिथला वॉर्ड आणि ड्यूटी नीट पाहा, मग सही करा.