आईचा क्लेम नाकारला, आता काय?

प्रश्न : नाशिकला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ‘मधुमेह लपवला’ म्हणून क्लेम नाकारला. आरोग्य विम्याची पॉलिसी 9 वर्षं अखंड चालू आहे. – एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेलं नकारपत्र मी दोनदा वाचलं. निळ्या शिक्क्याखाली एकच ओळ! मला फार वाईट वाटलं. पण पॉलिसीला सलग 60 महिने झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हे कारण चालत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हेच लेखी कळवा, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. आणि क्लेम मंजूर झाला, तर हॉस्पिटलच्या डिपॉझिटची पावती काढा. जादा घेतलेली रक्कम परत मागा, संकोच करू नका.