रेडिओलॉजीची रेसिडेन्सी खरंच आरामाची असते का?

तुमचा प्रश्न असा की नीट पीजीत (एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेत) रँक चांगली आलीय, घरचे म्हणतात मुलींना रेडिओलॉजी बरी, पेशंटची कटकट नाही, नाईट नाही, तर हे कितपत खरं आणि सरकारी कॉलेज घ्यावं का खाजगी हॉस्पिटलचं डीएनबी (एमडीच्या तोडीची राष्ट्रीय बोर्डाची पदवी). मी महाराष्ट्रातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजातून एमडी केलंय, आता सोनोग्राफी सीटी दोन्ही करते, त्यामुळे बघितलेलं सांगते.

नाईट असते, आणि भरपूर असते. घरच्यांनी बघितलेले रेडिओलॉजिस्ट म्हणजे स्वतःचं सेंटर असलेले, संध्याकाळी घरी जाणारे, रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायची, तीन वर्षं तशी नसतात. सर्जरी किंवा मेडिसिनच्या रेसिडेंटला त्याच्या युनिटची इमर्जन्सी ठरलेल्या वारी असते, रेडिओलॉजीला मात्र सगळ्या विभागांच्या सगळ्या युनिटांची इमर्जन्सी रोजच. कॅज्युअल्टीत हायवेचा अ‍ॅक्सिडेंट आला की पोटात रक्त आहे का बघायला फास्ट स्कॅनला (झटपट सोनोग्राफीला) तुम्ही, डोक्याला मार असेल तर प्लेन सीटी ब्रेन वाचायला तुम्ही, लकव्याचा पेशंट आला तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांची मुदत असते आणि ते द्यायचं का नाही हे तुम्ही सीटीत रक्तस्राव नाही असं सांगितल्याशिवाय ठरत नाही. टॉर्शनची, म्हणजे वृषणाला पीळ पडल्याची, शंका असलेला मुलगा आला तर सहा तासांत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता जास्त, म्हणजे रात्री तीनला डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावायला तुम्हीच. आणि हे सगळं एका तासात येऊ शकतं, तेव्हा बाहेर चार विभागांचे जेआर १ (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) फॉर्म घेऊन "मॅडम आमचं आधी" म्हणत उभे असतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे नाही. कामाने कोणी मोडत नाही हो, रात्री एकटं पडल्याने मोडतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रात्रीचा रिपोर्ट रेसिडेंटच देतो, सर किंवा मॅडम सकाळी बघतात, आणि तोवर सर्जनने त्या रिपोर्टवर पोट उघडलेलंही असतं. अशा वेळी शेजारी एसआर (सिनियर रेसिडेंट) बसलाय का, फोनवर लेक्चरर उचलतात का, आणि सकाळी तुमचे रात्रीचे सीटी तुमच्यासमोर बसून परत कोणी वाचतं का, ह्या तीन गोष्टींवर तुम्ही कसले रेडिओलॉजिस्ट होणार ते ठरतं असं माझं ठाम मत आहे. ज्या विभागात रोज सकाळी अर्धा तास रात्रीच्या केसेस सगळ्यांसमोर वाचल्या जातात तिथली मुलं दुसऱ्या वर्षीच तयार झालेली मी बघितलीत, आणि मशीन नवीन पण वाचायला कोणी नाही अशा ठिकाणची मुलं तिसऱ्या वर्षीही प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी "क्लिनिकल कोरिलेशन" (म्हणजे पेशंट बघून तुम्हीच ठरवा) लिहून सुटका करून घेतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना शिकवलंच नाही कोणी.

पेशंटची कटकट नाही हे तर अजिबात खरं नाही. सोनोग्राफीची ओपीडी लाईन बघा एकदा. पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आलेली माणसं, लघवी भरण्यासाठी पाणी पिऊन कळवळत बसलेल्या बायका, फॉर्मवर नुसतं "पेन अ‍ॅब्डोमेन" लिहिलेलं, बाकी हिस्टरी तुम्हीच विचारायची. शंभर पेशंट असले तरी शेवटच्या माणसाचं पोट पहिल्याइतकंच नीट बघायचं असतं, कारण त्याला पुढची तारीख दिली तर परत यायला त्याची मजुरी बुडते. मला सोनोग्राफी ह्याच लाईनने शिकवली, आणि तिथल्या माणसांचं माझ्यावर ऋण आहे असं मी मनापासून मानते.

गरोदर बाईची सोनोग्राफी असेल तर फॉर्म एफ, गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याने भरावा लागणारा. हा विषय हलका घेऊ नका. महाराष्ट्राने 1988 मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशात पहिला, मग केंद्राचा 1994 चा पीसीपीएनडीटी आला. फॉर्म एफमध्ये रकाना राहिला, चुकीचं भरलं, तरी कायद्याने गुन्हा झाला असं धरलं जातं आणि तो झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर येते. तुमचं नाव त्या केंद्राच्या नोंदणीत आहे का हे पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि न वाचता कुठेही सही करू नका, सिनियर म्हणाला तरी. नातेवाईक आडून आडून विचारतात, कधी सासू हात जोडते, शांतपणे नाही म्हणायचं. जिथे मुलींची संख्या घटली ते जिल्हे आपलेच आहेत.

रेडिएशनबद्दल घरच्यांना भीती असेल तर त्यांना सांगा की सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्सरे नसतातच, सीटी चालू असताना तुम्ही शिशाच्या काचेपलीकडे असता. खरा संबंध येतो तो बेरियम, एचएसजी, डीएसए अशा फ्लुरोस्कोपीच्या (एक्सरेने हलतं चित्र बघत करायच्या तपासण्यांच्या) पोस्टिंगला. तिथे लेड अ‍ॅप्रन, थायरॉइड शील्ड आणि छातीशी अ‍ॅप्रनच्या आत टीएलडी बॅज, अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. नियम पाळले तर बहुतेक रेसिडेंट ह्याच्या खूप खाली राहतात, पण काही विभागांत बॅज ड्रॉवरमध्येच पडलेले असतात, मग मोजणार काय? तो मागून घ्या, हक्क आहे तुमचा. गरोदर राहिलात तर लगेच कळवा, पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, त्यामुळे फ्लुरोस्कोपीतून काढून सोनोग्राफी एमआरआयला टाकायला हवं. प्रसूतीची रजा मिळते, कोर्स तेवढा पुढे जाऊ शकतो, घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा. शरीराला खरा त्रास होतो तो खांद्याला आणि मानेला, दिवसभर प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर फिरवायचा भाग) दाबून. खुर्ची आणि टेबलची उंची नीट लावायची सवय पहिल्या महिन्यातच लावा.

एमआरआयच्या पोस्टिंगला दारावर लक्ष ठेवणं हेसुद्धा डॉक्टरचंच काम समजा. 2018 मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला आणि चुंबकाने ओढला गेला, नातेवाईक तरुण गेला. चुंबक चोवीस तास चालू असतं हे मामांना, मावशींना, नवीन इंटर्नला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

तासांचं म्हणाल तर 1992 पासून केंद्राचं पत्र आहे की सलग ड्युटी सहसा 12 तासांपेक्षा जास्त नको, 2023 च्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला 20 दिवस रजाही लिहिलीय. प्रत्यक्षात जिथे जागा भरलेल्या आहेत तिथे हे जमतं, जिथे नाहीत तिथे रात्र करून दुपारपर्यंत थांबतात. मार्डचे (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचे) लोक ह्याच्यासाठी भांडतात, त्यांच्यासोबत राहा. जिल्हा रुग्णालयाचं तीन महिन्यांचं पोस्टिंगही असतं, ते टाळू नका, कमी साधनांत निदान करायला तिथेच शिकता.

सरकारी का डीएनबी? माझं मत, सोनोग्राफीचा हात सरकारीत बसतो, कारण प्रोब तुमच्या हातात असतो. मोठ्या खाजगी हॉस्पिटलमध्ये एमआरआय आणि कॅन्सरच्या केसेस सुंदर बघायला मिळतात, पण पैसे भरून आलेल्या पेशंटची सोनोग्राफी बऱ्याचदा कन्सल्टंटच करतात. अपवाद दोन्हीकडे आहेत. म्हणून मशीनची यादी बघून ठरवू नका, तिथल्या जेआर २ ला फोन करा, विभागप्रमुखांना नाही, आणि विचारा रात्री दोनला सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) कळला नाही तर कोणाला उठवतोस, ते चिडतात का, सकाळी केसेस वाचतात का, थिसिसचे गाईड भेटतात का, मागच्या वर्षी कोणी सीट सोडली का आणि का सोडली. तो फोनवर खुलून बोलला नाही तर संध्याकाळी ड्युटी संपल्यावर परत करा.

ज्या दोन-तीन ठिकाणांवर तुमचं अडलंय त्यांची नावं मला वेगळी कळवा, काही ठिकाणी माझे ज्युनियर आहेत, चॉईस भरायच्या आधी विचारून सांगते.