झेलणारीकडे बघ

प्रिय पोरी,

तू पाठवलेला तुमच्या प्रो-रेसलिंगच्या जोडीच्या सरावाचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पहिल्या वेळी तुला पाहिलं, पुढच्या तिन्ही वेळी खाली उभ्या असलेल्या तुझ्या जोडीदारणीला. वरच्या दोरावरून कोलांटी घेत तू रिंगबाहेर झेप टाकलीस, तेव्हा तिचं एक पाऊल मागे सरकलेलं होतं आणि खांदा अर्धवट वळलेला. ती तुला झेलायला उभी नव्हती, तुझ्यापासून वाचायला उभी होती. त्यात तिची चूक नाही. झेपेआधी तू तिच्याकडे पाहिलंच नाहीस. तुझी नजर फोनच्या कॅमेऱ्यावर होती.

रागावू नकोस. मी कुस्तीगीर नाही, हे तुला माहीत आहे. आठवडाभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजायच्या आणि शनिवारी न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या शाळांच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये रिंग उभी करायला जायचं, असं माझं बावीस वर्षं चाललं. (एका प्रमोटरकडे अजून तीन शनिवारांचे पैसे अडकलेत. ते आता बुडाले असंच धर.) खाली लोखंडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर बोटभर जाडीचा फोम आणि वर कॅनव्हास. एवढ्यावर तुम्ही पाठी आपटता. मी कोपऱ्यात खांबाशी पाना घेऊन बसायचो. तिथून चेहरे कमी दिसतात, पावलं सगळी दिसतात.

तू विचारलंस, ‘काका, हे लोक आम्हाला ओळखत नाहीत, माझं नाव त्यांना धड उच्चारता येत नाही, दहा मिनिटांत त्यांना आपलंसं कसं करायचं?’ आणि पुढच्याच ओळीत उत्तरही देऊन टाकलंस, की अजून एक अवघड उडी बसवतेय. पोरी, हाच प्रश्न घेऊन जपानी जोड्या आणि त्रिकुटं या देशात येऊन गेली आहेत. त्यांच्या उड्या सगळ्यांना आठवतात. मला त्या उड्यांच्या खाली काय चाललं होतं ते सांगायचंय.

१३ एप्रिल १९९७. ईसीडब्ल्यू या फिलाडेल्फियातल्या कुस्ती कंपनीचा पहिला पे-पर-व्ह्यू, म्हणजे पैसे भरून घरच्या टीव्हीवर बघायचा कार्यक्रम, ‘बेअरली लीगल’. साउथ फिलाडेल्फियातला एक बिंगो हॉल, तीच त्यांची ईसीडब्ल्यू अरीना. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एका मित्राच्या बेसमेंटमध्ये तो कार्यक्रम पाहिला. तिथला प्रेक्षक म्हणजे महाद्वाड. कुणाचा डाव चुकला की अख्खा हॉल एका सुरात शिवी हासडून ‘चुकलास’ म्हणून ओरडायचा. त्या हॉलमध्ये सहा जपानी उतरले. एका बाजूला ग्रेट सासुके, ग्रान हमाडा आणि मासातो याकुशिजी. दुसऱ्या बाजूला ताका मिचिनोकू, डिक टोगो आणि टेरी बॉय. मिचिनोकू हे उत्तर जपानातल्या तोहोकू भागाचं जुनं नाव. सासुकेनं १९९३ मध्ये तिथे स्वतःची छोटी कंपनी काढली, मिचिनोकू प्रो, आणि हे सगळे तिच्या वर्तुळातले. व्हीएचएस कॅसेटी अदलाबदल करणारे काही शौकीन सोडले, तर अमेरिकेत त्यांना कोण ओळखणार?

म्हणून ताकाच्या त्रिकुटाला उतरवलं ते ‘बीडब्ल्यूओ जपान’ म्हणून. बीडब्ल्यूओ ही ईसीडब्ल्यूमधली विडंबन करणारी टोळी, एनडब्ल्यूओ या दुसऱ्या कंपनीतल्या त्या वेळच्या गाजलेल्या टोळीची टिंगल करणारी आणि लोकांची लाडकी. झालं, ओळखीची एक खूण मिळाली. टेरी बॉय हे नाव टेरी फंक या जुन्या अमेरिकन कुस्तीगीरावरून घेतलेलं, आणि त्याच रात्री शेवटच्या लढतीत बावन्न वर्षांचा खरा टेरी फंक जगज्जेता झाला. म्हणजे नावं कळायच्या आधीच लोकांना यांचं कुणाशी तरी नातं सापडलं होतं. तुमच्या जोडीला असं काही आहे का? दोघींचे पोशाख एका रंगाचे आहेत एवढं पुरत नाही.

आता मुद्द्याचं. सासुकेची एक प्रसिद्ध झेप आहे. तो रिंगमधून धावत येतो, हातांवर चाकासारखा फिरतो आणि पाठमोरा होऊन, उलटी कोलांटी घेत वरच्या दोरावरून बाहेर जातो. पाठमोरा! खाली कोण आहे, कुठे आहे, हे त्याला दिसतच नाही. ते खालच्याला दिसतं. तिथे उभ्या असलेल्या माणसाला त्या अर्ध्या क्षणात एक-दोन पावलं पुढे किंवा बाजूला सरकून स्वतःची छाती त्या झेपेखाली आणावी लागते, सासुकेचं डोकं आणि मान वाचवून त्याला खाली घ्यावं लागतं, आणि वर आपणच त्याच्यामुळे कोसळलो असं दिसावं लागतं. मेक्सिकोत या कामाला मान आहे. उत्तम झेलणाऱ्याला तिथे पायाच म्हणतात. डिक टोगो असा पाया होता. बुटका, रुंद, दिसायला कुणीही पोस्टर लावणार नाही असा. तो स्वतःही वरच्या दोरावरून पाठीवर पडणारी जबर उडी मारायचा, पण मला तो आवडतो दुसऱ्यांच्या उड्यांमध्ये. ती लढत पुन्हा बघशील तेव्हा पडद्यावर उडणाऱ्याला अंगठ्यानं झाक आणि टोगोला बघ.

आणि हमाडाला बघ. सेहेचाळीस वर्षांचा होता तो त्या रात्री. १९७५ मध्ये जपानहून मेक्सिकोला गेला आणि तिथली झेपांची कुस्ती अंगात मुरवून परतला. या सगळ्या प्रकाराचं मूळ तिथे आहे. उडी मेक्सिकोची, मार जपानचा. बाकीचे पाच जण वाऱ्यासारखे फिरत असताना हा गृहस्थ कमीत कमी हालचाल करतो, आणि तरी डोळे त्याच्याकडे जातात, कारण तो घाई करत नाही.

तुझ्या व्हिडिओत घाई आहे. अकरा मिनिटांत मी सतरा मोठे डाव मोजले. माझा एक मित्र तबला वाजवतो. एकलवादनाला पेटीवर लेहरा धरणारा त्याला मिळत नाही म्हणून कायम कुरकुरतो. म्हणतो, सम कुठे आहे हे श्रोत्याला लेहरा सांगतो, आणि सम कळली नाही तर माझे कायदे-रेले म्हणजे नुसता खडखडाट. तुमचा खडखडाट फार उत्तम आहे. सम कुठेय?

ती कशी लावतात ते २००६ च्या लढतीत बघायला मिळतं. ३१ मार्च, शुक्रवार, शिकागोजवळचं शिकागो रिज. दोन दिवसांवर रेसलमेनिया २२, डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, त्यामुळे गावोगावचे शौकीन शिकागोत जमलेले. रिंग ऑफ ऑनर या अमेरिकन कंपनीनं जपानमधल्या कोबेच्या ड्रॅगन गेट या कंपनीतले सहा जण आणले. तिथल्या दोन टोळ्या समोरासमोर: डू फिक्सरकडून ड्रॅगन किड, गेन्की होरिगुची आणि र्यो साइतो, ब्लड जनरेशनकडून शिमा, नारुकी दोई आणि मासातो योशिनो. डू फिक्सर जिंकले. लढतींना तारे देणारा कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर, त्यानं या लढतीला पाच तारे दिले, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक छोट्या हॉलमध्ये तिची नक्कल चालू आहे.

ही मंडळी आली कुठून, तर त्यांच्या घराण्याचा गुरू जपानी कुस्तीगीर अल्टिमो ड्रॅगन. त्यानं मेक्सिकोत, नौकाल्पानला शाळा काढली. मोठ्या जपानी कंपन्यांना जी पोरं अंगानं लहान वाटायची, ती त्यानं घेतली. शिमा आणि ड्रॅगन किड तिथलेच. ड्रॅगन किड तर तुझ्यापेक्षा फारसा उंच नसेल. पण त्याचं लहानपण त्यांनी लपवलं नाही, उलट वापरलं. आधी मोठ्यांनी त्याला फेकायचं, चिरडायचं, आणि मग तो कुणाच्या तरी खांद्यांवर चढून गरकन फिरायचा. त्या फिरण्याला वजन येतं ते आधीच्या चिरडण्यामुळे. नक्कल करणाऱ्यांनी फिरणं उचललं आणि चिरडणं सोडून दिलं.

होरिगुचीची गंमत सांगतो. त्याचे केस विरळ. जपानात प्रेक्षक ‘हागे, हागे’ म्हणून त्याला टकल्या म्हणत डिवचतात, आणि तोही त्याचं भांडवल करतो. त्याचा हुकमी डाव कोणता? बॅकस्लाइड. पाठीला पाठ लावून हात अडकवायचे, खाली ओढून खांदे टेकवायचे आणि पंचाकडून तीन मोजून घ्यायचे. पहिल्या महिन्यात शिकवतात तो डाव. चहूकडे माणसं हवेत उडत असताना टकल्याची ती साधी पकड आली की लोक श्वास धरतात, कारण ती कुठल्याही क्षणी येऊ शकते हे त्यांना ठाऊक असतं. तुझ्याकडे असा एक साधा डाव हवा. रोज तोच, त्याच जागी. चार महिन्यांत तिथला प्रेक्षक तो ओळखेल, मग तू त्याला फसवू शकशील.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून जशीच्या तशी उचलू नकोस. ड्रॅगन गेटच्या पद्धतीत आत यायला जोडीदाराच्या हाताला हात लावायची सक्ती नसते. जोडीदार रिंगबाहेर घसरला की दुसरा आत येऊ शकतो. म्हणून तिथे क्षणभरही उसंत नाही. तुमच्या शोमध्ये हात लावावाच लागणार. मग त्या हाताचा उपयोग करा. तू आत मार खातेयस, जोडीदारीण कोपऱ्यात हात लांबवून उभी आहे, दोन बोटांचं अंतर राहिलंय आणि समोरचीनं तुझा पाय ओढला. इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या यावर ओरडत आले आहेत. त्याला जुनाट म्हणून नाक मुरडू नकोस. तुझ्या सतरा डावांतले आठ काढलेस तर याला जागा होईल.

जंपिंग बॉम्ब एंजल्स तुला माहीतच असतील. नसतील तर आधी ते वाचून ये. नोरियो तातेनो आणि इत्सुकी यामाझाकी, ऑल जपान विमेन्स या बायकांच्या कंपनीच्या. १९८७ च्या नोव्हेंबरात ओहायोतल्या, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) सर्व्हायव्हर सीरिजमध्ये आपल्या संघातून शेवटपर्यंत टिकल्या त्या या दोघीच. पुढच्या जानेवारीत हॅमिल्टनला, त्याच कंपनीच्या पहिल्या टीव्हीवरच्या रॉयल रंबलला त्यांनी ग्लॅमर गर्ल्स या विजेत्या जोडीला दोन विरुद्ध एक असं हरवून जोडीचा किताब घेतला. हॅमिल्टन कॅनडातलं, पण कार्यक्रम अमेरिकेत घरोघरी दिसला. शेवट दोघींनी एकदम वरच्या दोरावरून मारलेल्या ड्रॉपकिकनं, म्हणजे उडी घेऊन दोन्ही पायांनी मारलेल्या लाथेनं झाला. दोघींची झेप एका श्वासात. ती जुळणी व्हायला किती सराव लागतो हे तुम्हा दोघींना मी सांगायला नको. पुढे कंपनीचं लक्ष उडालं आणि तो किताबच १९८९ मध्ये गुंडाळला गेला. लक्ष असंच उडतं, हेही धरून चाल.

आता ते घुंगरांचं. प्रमोटर म्हणतोय, बॉलिवूडच्या गाण्यावर नाचत ये, आणि तू चिडली आहेस. ताका मिचिनोकूचं पुढे काय झालं बघ. त्याच १९९७ च्या डिसेंबरात डब्ल्यूडब्ल्यूएफनं त्याला लाइट हेवीवेट विजेता केलं. पुढे २००० मध्ये तो आणि त्याचा जपानी जोडीदार फुनाकी माइक घेऊन उभे राहायचे, तोंडं हलायची आणि वरून दुसऱ्याचाच इंग्रजी आवाज, जुन्या डब केलेल्या सिनेमांसारखा, मुद्दाम न जुळणारा. लोक खदाखदा हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. दोघांचं टायमिंग अफलातून होतं. पण आज माझ्या दुकानातल्या चाळिशीच्या पोरांना ताका विचार, त्यांना ते तोंड हलवणंच आठवतं, फिलाडेल्फियातली ती रात्र नाही. माझं मत विचारशील तर गाणं घे, नाच नको. गाणं तुला रिंगपर्यंत आणतं. नाचाची सवय लागली की प्रमोटर तुला रिंगमध्येही नाचायला सांगेल. शेवटी तू ठरव, भाडं तुला भरायचंय.

राहिला दोर. काही रिंगमध्ये खराखुरा दोर टेप गुंडाळून लावतात, काहींमध्ये रबरी नळीत घातलेली लोखंडी तार. दोन्हींचं उसळणं वेगळं. १८ फुटांच्या रिंगमध्ये बसवलेली धाव २० फुटांच्या रिंगमध्ये एक पाऊल कमी पडते. हायाबुसा आठवतोय, तो उंच झेपा घेणारा जपानी कुस्तीगीर? १९९८ च्या ऑगस्टमध्ये जिन्सेइ शिनझाकीला घेऊन तो ओहायोतल्या डेटनला साबू आणि रॉब व्हॅन डॅमविरुद्ध खेळला. २२ ऑक्टोबर २००१ ला टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये नेहमीचीच, शेकडो वेळा केलेली मूनसॉल्ट, म्हणजे दोरावरून उलटी कोलांटी, मारायला तो मधल्या दोरावर उडाला आणि पाय निसटला. मान मोडली, शरीर लुळं पडलं. २०१६ मध्ये तो गेला. सासुकेची कवटीही १९९६ मध्ये फुटली होती, पण तो बचावला. २००३ मध्ये तर मुखवटा घालून जपानातल्या इवातेच्या प्रांतिक सभेत निवडून गेला. (त्या मुखवट्यावरून तिथे काय वाद झाला ते कधीतरी चहावर सांगेन.) तू मात्र या भरवशावर राहू नकोस.

शनिवारी दार सातला उघडतंय ना? मी चार वाजता पोहोचतो, पाना घेऊन. गुडघ्यांमुळे आता फळ्या उचलवत नाहीत, पण दोर ताणता येतात. तुम्ही दोघी बुटांसकट साडेचारला या. तू तिन्ही दोरांवर, चारही बाजूंनी पाय देऊन बघशील, आणि जी बाजू ढिली वाटेल ती मी आवळीन. मग तीच झेप तीन वेळा घेऊ, पण पहिल्या दोन वेळा तू खाली उभी राहायचंस आणि तिनं वरून यायचं. तिला सांग, काका बाकरवडी आणतायत, मागच्या वेळी तिनं अर्धा डबा संपवला होता. आणि फोन बॅगेत ठेव.

तुझा,
रिंगवाला काका