गावठाणातल्या जुन्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीकडच्या तुमच्या गावठाणाचा क्लब ‘साठ-सत्तर वर्षं जुना’ आहे असं सगळे म्हणतात, एकेकाळी पोरांना खेळायचे पैसे मिळायचे, पण हातात आज चार फोटो आणि कपाटभर कप एवढंच आहे. यातून इतिहास कसा उभा करायचा?

कप तूर्त कपाटातच राहू द्या. आधी हिशेबाची वही शोधा. खजिनदार बदलला की वही नव्याच्या ताब्यात जाते असं म्हणायचं, पण बहुतेक वेळा ती जुन्या खजिनदाराच्या माळ्यावरच पडलेली असते. कपावरून एका फायनलचा निकाल कळतो, आणि तो फिरता असेल तर त्यावरची निम्मी नावं दुसऱ्याच संघांची. क्लब चालत कसा होता ते वहीत दिसतं: वर्गणी, बॉल, फक्की, जाळी, गाडीभाडं, रेफ्रीची फी, मॅचनंतरचा चहा-वडापाव. ज्या वर्षापासून ठरावीक नावांपुढे दर मॅचला रक्कम पडू लागते, ते तुमचा क्लब अर्धव्यावसायिक झाल्याचं वर्ष. बूट घेऊन देणं किंवा प्रवासखर्च देणं यात धरू नका, ते हौशी क्लबही करतात. रक्कम कुठून आली ते जमेच्या बाजूला पाहा. गावातला बिल्डर, केबलवाला, नगरसेवक किंवा गणेशोत्सव मंडळ, यांपैकी कोणीतरी तिथे सापडेलच.

वही नाहीच मिळाली तर दुसरी वाट वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाची. क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला असेल तर १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही त्याची नोंद असते आणि त्याला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळालेला असतो. तो जुन्या लेटरहेडवर किंवा रबरी शिक्क्यात सापडतो. त्या क्रमांकावर परिशिष्ट एक (संस्थेच्या नोंदीचा उतारा) आणि बदल अर्जांच्या प्रमाणित प्रती मागा. बदल अर्ज म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कधी. ते वेळेवर भरलेले असतील तर कार्यकारिणीची यादी तारखांसकट मिळते. नसतील तर मधली दहा-बारा वर्षं कोरी दिसतील. तेवढ्यावरून क्लब बंद होता असं लिहू नका, बहुधा फक्त कागद भरायचे राहिलेले असतात.

स्थापनेच्या वर्षावरून गावात भांडण होणार, हे गृहीत धरा. पोरं पहिल्यांदा जर्सी घालून खेळली ते एक वर्ष, संघटनेशी संलग्नता मिळाली ते दुसरं आणि नोंदणी झाली ते तिसरं. तिन्ही छापा, प्रत्येकापुढे पुरावा लिहा आणि पहिल्याला पुरावा नसेल तर ‘ज्येष्ठांच्या सांगण्यानुसार’ एवढंच म्हणा. एक गोष्ट लक्षात असू द्या: महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली ती १९५७ साली. त्याआधीचा तुमच्या गावाचा कागद महापालिकेत शोधण्यात अर्थ नाही.

निकालांसाठी वर्तमानपत्रं. मुंबईची जुनी हारवुड लीग १९०२ पासूनची, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची, मुंबई जिल्ह्याची वेगळी संघटना १९८३ ची. तेव्हा कुठल्या काळात कोणाचे गुणतक्ते शोधायचे ते आधी ठरवा. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुने अंक पाहताना पूर्ण वर्ष चाळत बसू नका. मुंबईचं जुनं फुटबॉल पावसाळ्यातलं, म्हणून जून ते सप्टेंबर आधी घ्या. खालच्या डिव्हिजनचा निकाल दोन ओळींत, पानाच्या तळाशी असतो. गावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी आलेलं असेल आणि ‘बॉइज’, ‘स्पोर्टिंग’, ‘युनायटेड’ असल्या शेपटांमुळे शेजारच्या गावाचा विजय तुमच्या नावावर जमा होऊ शकतो. गोल करणाऱ्याचं नाव ओळखीचं निघालं तरच निकाल आपला धरा. जुन्या तक्त्यात विजयाला २ गुण दिसतील. ३ ची पद्धत जगभर रुळली ती १९९० च्या दशकात. आजच्या हिशेबाने गुण बदलून लिहू नका, क्रमच बदलू शकतो. ‘आम्ही रोव्हर्स खेळलो’ हा दावा बऱ्याच गावांत ऐकू येतो. मुंबईतली ही मोठी कप स्पर्धा १८९१ ला सुरू झाली आणि २०००-०१ नंतर बंद पडली, तेव्हा वर्ष विचारलं की निम्मे दावे तिथेच गळतात.

मुंबईत एक घोळ नेहमीचा. गावातला चांगला पोरगा विशी ओलांडता ओलांडता रेल्वे, आरसीएफ (चेंबूरचा सरकारी खत कारखाना), एअर इंडिया, बँक अशा खात्याच्या संघात नोकरीला लागायचा. मग लीगमध्ये त्याचं नाव खात्याकडून, आणि गावाकडून तो दिसतो फक्त मे महिन्यातल्या सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या सामन्यांत, किंवा पाहुणा खेळाडू म्हणून. लीगच्या यादीत नाव नाही म्हणून त्याला वगळलंत, तर ज्याच्या नावाने लोक क्लब ओळखतात तोच पुस्तकातून गायब होईल. दोन वेगळ्या याद्या करा, लीगची आणि टूर्नामेंटची. माझ्या मते गावच्या क्लबचा खरा इतिहास या दोन याद्यांमधल्या फरकात असतो: पैसे देऊनही क्लब कोणाला टिकवू शकला नाही, ते तिथे कळतं.

फोटो ६०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. वर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांवर आकडे घाला आणि नावं तीन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचा माणूस म्हणेल तेच नाव ठरतं. अनवाणी खेळाडू दिसले की लोक फोटो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधीचा ठरवतात, कारण त्यानंतर बूट सक्तीचे झाले. गावातल्या मैदानांवर पोरं त्यानंतरही खूप वर्षं अनवाणी खेळत होती. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा बॉल मात्र बरा पुरावा आहे, तो १९७० च्या वर्ल्ड कपनंतर सगळीकडे पसरला.

म्हाताऱ्या खेळाडूंना ‘कुठल्या साली?’ विचारू नका, साल चुकतंच. तेव्हा कामाला कुठे होता, लग्न झालं होतं का, १९७४ चा रेल्वे संप आधी की नंतर, १९८२ चा गिरणी संप सुरू होता का, असं विचारा. सेंटर हाफला कोण होतं हे सहसा बरोबर आठवतं.

मैदानाचा कागदही काढा: सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, आणि १९९१ व २०३४ च्या विकास आराखड्यांत त्या भूखंडावरचं आरक्षण. क्लबच्या पडत्या काळाचं कारण पुष्कळदा संघात नसून तिथे सापडतं.

छापताना खबरदारी एकाच बाबतीत. खात्यात नोकरीला असताना बाहेरून पैसे घेतलेल्यांची नावं वहीत असतील. रकमा आणि वर्षं द्या, नावं त्यांना किंवा घरच्यांना विचारूनच. नकार आला तर ‘एक लेफ्ट आउट’ अशी नुसती खेळायची जागा लिहिली तरी पुरतं.