आल्डॉल एकच, वह्या दोन

वाचकांचे प्रश्न : अभ्यास आणि करिअर

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. रसायनशास्त्र हा माझा मेजर आणि जीवरसायनशास्त्र हा मायनर विषय आहे. एकीकडे सेंद्रिय रसायनातील अभिक्रिया पाठ करायच्या, दुसरीकडे एन्झाइमांची नावे आणि चयापचयाच्या पायऱ्या. कॉलेजला जाता-येता लोकलमध्येही मी घोकत असते. पण परीक्षा होऊन महिना उलटला की सारे पुसले जाते. पुढे एम.एस्सी. जीवरसायनशास्त्रातच करायची असेल, तर रसायनशास्त्रासाठी इतका आटापिटा करण्याची खरोखर गरज आहे का?
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : गरज आहे. मात्र तुमच्या पत्रावरून असे दिसते की, तुम्ही एकच गोष्ट दोन वह्यांत उतरवून दोनदा पाठ करीत आहात, आणि निम्मा थकवा त्याचाच आहे.

आल्डॉल अभिक्रियेचेच पाहा. सेंद्रिय रसायनाच्या वहीत ती सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर येते. कार्बोनिल गटाशेजारच्या (म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनाशेजारच्या) कार्बनवरचा हायड्रोजन बेस काढून घेतो, त्या कार्बनकडे इलेक्ट्रॉनांची जोडी उरते आणि ती घेऊन तो दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनवर चाल करून जातो. आता जीवरसायनाच्या वहीत पेशीला अन्नातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या क्रेब्स चक्राची पहिली पायरी काढा. अ‍ॅसिटिल कोएन्झाइम-एचा मिथिल कार्बन ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटच्या कार्बोनिलवर अशीच चाल करतो, आणि दोन अधिक चार मिळून सहा कार्बनांचे सायट्रेट तयार होते. ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडले जाते तेव्हा, हीच अभिक्रिया उलट दिशेने घडते, म्हणजे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचा सहा कार्बनांचा रेणू मधोमध तुटून तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. ते घडवणाऱ्या एन्झाइमचे नाव आल्डोलेज! नावातच आल्डॉल असूनही वर्गात फार थोड्यांना तो दिसतो, याचे कारण तास वेगळा, शिक्षक वेगळे आणि वहीही वेगळी.

पेशीत कॉस्टिकची, म्हणजे त्या सोडियम हायड्रॉक्साइडची, बाटली ओतता येत नाही, तिथे पीएच साधारण ७ असतो, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून आपल्या शरीरातील आल्डोलेज स्वतःच्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमिनो गट साखरेच्या कार्बोनिलला जोडून शिफ बेस (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) बनवते आणि इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची सोय करते. अनेक जिवाणू आणि बुरशी हेच काम जस्ताच्या आयनाकडून करून घेतात. शिफ बेस तुम्ही रसायनाच्या तासाला शिकलेल्याच आहात. तो इथे ओळखू आला की ती पायरी वेगळी पाठ करावी लागत नाही.

मी स्वतः विद्यार्थी असताना ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या पाढ्यांसारख्या म्हणून दाखवीत असे. व्हायव्हाच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इतकेच विचारले, "पेशीत शिरल्या शिरल्या ग्लुकोजला फॉस्फेट कशासाठी जोडतात?" मी गप्प. फॉस्फेटवर ऋणभार असतो आणि भारित रेणूला पेशीपटलातून सहज बाहेर पडता येत नाही, म्हणजे आत आलेले ग्लुकोज आतच अडकते, हे उत्तर अकरावीच्या रसायनावरही देता आले असते.

भौतिक रसायनाचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तो विषय तुम्ही टाळत असाल, तर तेवढे मात्र करू नका. एन्झाइमच्या वेगाचे मायकेलिस आणि मेंटेन यांचे १९१३ सालचे समीकरण हे रासायनिक गतिशास्त्राचेच अपत्य आहे. सबस्ट्रेटची (एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाची) संहती समीकरणातल्या केएम या स्थिरांकाइतकी झाली की अभिक्रियेचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, हे सूत्रात किंमत घालून दोन ओळींत स्वतः काढून पाहिले की कायमचे लक्षात राहते. बफरच्या, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या, बाबतीतही तेच; त्याचे गणित लॉगरिदमवर चालते. लॉगरिदमची भीती असलेल्या विद्यार्थ्याचा बफर प्रयोगशाळेतच चुकतो आणि दोष बिचाऱ्या एन्झाइमला मिळतो.

लाळेतील अमायलेजचा (स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमचा) प्रयोग तुमच्याकडे होत असेलच. बहुतेकांच्या जर्नलमध्ये त्याचे रीडिंग आधीच्या बॅचकडून आलेले असते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असते. तो एकदा मनापासून करा. पांढऱ्या टाइलच्या खळग्यांत आयोडीनचा एकेक थेंब ठेवा आणि स्टार्च-लाळेच्या मिश्रणातला एक थेंब दर मिनिटाला पुढच्या खळग्यात सोडा. पहिला खळगा गडद निळा, मग जांभळट, मग तांबूस-तपकिरी, आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा रंग. स्टार्चची लांब साखळी तुटत तुटत डेक्स्ट्रिन या छोट्या तुकड्यांवर आणि तिथून माल्टोज या साखरेवर आली, हे तुमच्या समोर त्या रांगेत मांडलेले असते. मग लाळ उकळून हाच प्रयोग पुन्हा करा. सगळे खळगे निळेच राहतील. एन्झाइम म्हणजे विशिष्ट घडीत दुमडलेले प्रथिन आणि ती घडी उष्णतेने मोडते, हे वाक्य त्यानंतर पाठ करावे लागणार नाही.

या वाटेने गेलेले एक नाव मुंबईचेच आहे. कमला सोहोनी यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९३३ मध्ये मिळवली, तीही रसायनशास्त्र घेऊन. वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनावरील संशोधनासाठी केंब्रिजने त्यांना १९३९ मध्ये डॉक्टरेट दिली. पुढे फोर्टमधील विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले आणि नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले.

आता लोकलबद्दल. गर्दीत उभ्याने रचनासूत्रे काढता येणार नाहीत, तेव्हा तिथे नावे घोकण्याऐवजी एकच पायरी मनात धरा आणि इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातात, एवढेच स्वतःला विचारा. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर बाण काढून पडताळा. नावे थोडीफार पाठ करावीच लागतील, त्यातून माझीही सुटका झाली नव्हती.

प्रश्न : माझा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. आता एफ.वाय.ला जीवरसायनातील इंग्रजी संज्ञांपुढे तो हतबल होतो. क्लास लावावा का?
— एक पालक, लालबाग

उत्तर : क्लासआधी त्याला दहावीचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा काढायला सांगा. त्यातले 'ग्लुकोज-विघटन' म्हणजेच आताचे ग्लायकोलिसिस. 'लिसिस' म्हणजे फोडणे, सुटे करणे, हे एकदा कळले की हायड्रोलिसिस म्हणजे पाण्याने फोडणे, लायपोलिसिस म्हणजे स्निग्धाचे विघटन, अशा संज्ञा तो स्वतःच उलगडू लागेल. 'एज' हा शेवट बहुधा एन्झाइमचा आणि 'ओज' साखरेचा. म्हणून लॅक्टोज ही दुधातली साखर आणि लॅक्टेज ती फोडणारे एन्झाइम. पेप्सिन, ट्रिप्सिन अशी काही जुनी नावे या नियमात बसत नाहीत, ती तशीच लक्षात ठेवावी लागतात. अशा तुकड्यांची एक छोटी वही त्याने स्वतःच्या हाताने करावी, समोर मराठी शब्द लिहावा. आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असल्याने त्या संज्ञेचे स्पेलिंगही तिथेच घोटून घ्यावे.